दोन सर्व्हिसिंगच्या मधलं इंजिन

मोटरसायकलच्या इंजिनाला मालकानं घरी हात लावू नये, हा सल्ला हल्ली शहाणपणाचा म्हणून दिला जातो. नव्या गाड्यांत इंजेक्शन आलं, सेन्सर आले, कॉम्प्युटर आला. आता तुम्ही फक्त पेट्रोल भरायचं, बाकीचं सर्व्हिस सेंटर बघेल. घरी पाना हातात घेतलात तर वॉरंटी जाईल, आटे जातील, इंजिन बिघडेल, आणि एवढं करून वाचणार किती, तर दोन-अडीचशे रुपये. असं सांगणारे वाईट हेतूनं सांगत नाहीत. पण मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतच्या आपल्या पट्ट्यात हा सल्ला पाळला, तर गाडी वेळेआधी इंजिन कामाला येते. हे इतक्या घरांत घडताना दिसतं की त्या सल्ल्यातला एकेक मुद्दा घेऊन त्याला उत्तर द्यायलाच हवं.

आधी कॉम्प्युटरचा मुद्दा, कारण लोक सर्वांत जास्त त्यालाच घाबरतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि बहुतेक मोटरसायकलींतला कार्ब्युरेटर गेला. त्याच्या जागी आलेलं इंजेक्शन, त्याचा पंप, त्याचे सेन्सर यांना घरी हात लावू नये हे मला पूर्ण मान्य आहे. पण मालकाच्या हातून नेमकं काय गेलं ते बघा. जेट साफ करणं, स्लो-स्पीड लावणं, हवा-पेट्रोलचा स्क्रू फिरवत बसणं, ही सगळ्यांत किचकट कामं गेली. ऑइल, एअर फिल्टर, प्लग, क्लचची केबल, ब्रीदरची नळी हे सारं होतं तसंच आहे. आणि ज्या कॉम्प्युटरच्या भरवशावर आपल्याला निर्धास्त राहायला सांगतात, तो कॉम्प्युटर रोजच्या वापरातल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीत ऑइल किती उरलंय हे बघतच नाही. यांतल्या बहुतेक गाड्यांना ऑइलचा इशारा देणारा दिवाच नसतो. ऑइल अर्ध्यावर आलं तरी मीटरवर सगळं आलबेल दिसतं. ते कळण्याचा एकच मार्ग आहे, डिपस्टिक काढून बघणं किंवा इंजिनावरच्या काचेच्या खिडकीतून बघणं. हे काम सर्व्हिस सेंटर तीन-चार महिन्यांतून एकदा करतं. मधल्या काळात ते मालकानं नाही करायचं तर कुणी?

ऑइल विसरण्याची सवय आपल्याला कशी लागली, यामागेही एक इतिहास आहे. राजदूत, येझदी, जुन्या चेतक आणि लुना यांचा काळ टू-स्ट्रोकचा. त्या गाड्यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागे आणि पेट्रोलबरोबर ते जळून जाई. टाकी भरताना दर वेळी ऑइलची आठवण व्हायचीच. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर आली, आणि फोर-स्ट्रोक इंजिन घरोघरी पोचलं. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरा, अशा अर्थाची ती जाहिरात तेव्हाच्या प्रत्येक माणसाला पाठ आहे. जाहिरात ॲव्हरेजबद्दल होती. एकदा पेट्रोल भरलं की बरेच दिवस बघायला नको, एवढंच तिला म्हणायचं होतं. लोकांनी ते विसरणं ऑइललाही लावलं. फोर-स्ट्रोकमध्ये जेमतेम लिटरभर ऑइल इंजिनाच्या पोटात बसतं. तेच परत परत फिरतं, पिस्टनला वंगण देतं, गिअर सांभाळतं, क्लचच्या प्लेटा भिजवतं आणि वर इंजिनाची उष्णताही वाहून नेतं. ज्या ऑइलकडून एवढी कामं घेतो ते नजरेआड गेलं, आणि इथूनच दुर्लक्ष सुरू झालं.

आता किनाऱ्याचा मुद्दा. सल्ला देणाऱ्यांनी याचा विचारच केलेला दिसत नाही. सर्व्हिस बुकात किलोमीटरचे आकडे असतात. ते सरासरी वापर धरून काढलेले असतात. आपला वापर कसा आहे? आक्षीहून अलिबाग, चौलहून रेवदंड्याचा बाजार, एकदऱ्याहून मुरूड, जीवना बंदरावरून श्रीवर्धनच्या नाक्यापर्यंत. चार किलोमीटर जायचं, गाडी बंद, अर्ध्या तासानं पुन्हा चार किलोमीटर. दिवसाकाठी किलोमीटर थोडेच होतात आणि मालकाला वाटतं, गाडी फारशी चाललीच नाही.

इंजिनाच्या दृष्टीनं मात्र हीच सर्वांत वाईट चाल. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण लिटरभर पाणी तयार होतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्यातलं बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं, पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांच्या कडेनं खाली ऑइलमध्ये उतरते. गाडी दहा-पंधरा किलोमीटर सलग चालली तर ऑइल पुरेसं तापतं आणि ती ओल उडून ब्रीदरमधून बाहेर पडते. चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ऑइल तेवढं तापतच नाही. ओल आत साठते, जळालेल्या पेट्रोलच्या आम्लांत मिसळते आणि ऑइलचा कस जातो. त्यात आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच पाणी. अलिबाग-मुरूडला पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो. पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट-पांढरा, लोण्यासारखा थर धरतो. तो दिसला की ऑइलमध्ये पाणी आहे हे समजायचं, मग बुकातली तारीख लांब असो की जवळ. मुळात बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकांतच धूळ, चिखल, पाऊस आणि छोट्या फेऱ्यांच्या वापरासाठी ऑइल लवकर बदला असं म्हटलेलं असतं. ती ओळ आपल्यासाठीच लिहिली आहे.

वरून खारा वारा. इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आणि प्लगचं कवच लोखंडाचं. या दोन धातूंच्या मध्ये खारट ओल शिरली की ते एकमेकांना धरून बसतात. वर्षानुवर्षं न काढलेला प्लग मग हेडचे आटे घेऊनच बाहेर येतो. जो प्लग दर तीन-चार महिन्यांनी हातानं काढून, पुसून परत बसवला जातो, त्याची अशी अवस्था होत नाही. प्लगच्या कॅपमध्ये क्षार धरले की पहिल्या पावसात गाडी मिसिंग मारायला लागते आणि मालक म्हणतो, इंजेक्शन बिघडलं.

नागाव, काशीद, दिवेआगरच्या पुळणीवर गाड्या पळवणाऱ्यांबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. ओल्या वाळूवर आणि लाटांच्या पाण्यातून गाडी नेणं म्हणजे तिच्या प्रत्येक नटात मीठ भरणं. शिवाय त्या पुळणीवर माणसं चालत असतात. कोणतीही निगा या प्रकाराची भरपाई करू शकत नाही.

कमी चालणाऱ्या गाडीची गत याहून वाईट. मुंबईचे चाकरमानी गावच्या घरी एक मोटरसायकल ठेवतात. ती शिमग्याला आणि गणपतीला निघते. गाडी चाललीच नाही तर ऑइल कशाला बदलायचं, असा त्यांचा सवाल असतो. बुकात किलोमीटर किंवा महिने, यांतलं जे आधी येईल ते, असं लिहिलेलं असतं, त्याचं कारण हेच. वापरलेलं, आम्ल धरलेलं ऑइल बेअरिंगवर महिनोन्‌महिने बसून राहतं. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत एथेनॉल असतं आणि एथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. अर्धी रिकामी टाकी ठेवून गाडी पावसाळाभर उभी केली तर टाकीच्या तळाशी पाणी साठायला वाव मिळतो. गाडी उभीच ठेवायची असेल तर ताजं ऑइल भरून, टाकी भरून, बॅटरी सोडवून ठेवा. शेजारच्या पोरानं नुसती दोन मिनिटं गाडी चालू करून बंद केली तर ती आणखी ओल धरते. तिला सलग फिरवून आणायला सांगा, नाहीतर चालूच करू नका.

वॉरंटीच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण जेवढं सांगतात तेवढं नाही. फुकट सर्व्हिसिंग चुकवू नका, त्यांची नोंद बुकात करून घ्या, वॉरंटीच्या काळात ऑइल बदलाल तर बिल जपून ठेवा. हे सगळं बरोबर. पण ऑइलची पातळी बघणं, क्लचच्या केबलला मोकळीक देणं, एअर फिल्टरच्या डब्याची निचऱ्याची नळी रिकामी करणं यानं वॉरंटी जाते असं कुणी सांगत असेल, तर त्याला गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका उघडून दाखवा. गाडी काढण्यापूर्वीच्या तपासणीत ऑइलची पातळी मालकानं बघावी असं कंपनीच लिहिते. पुस्तिका मालकासाठी असते, मेकॅनिकसाठी वेगळं पुस्तक असतं. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना दंड ठोठावला, तेव्हा बाहेरच्या गॅरेजात काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असंही बजावलं होतं. तो आदेश मोटारींच्या बाबतीतला होता आणि पुढे अपिलांत गेला. तरी त्यामागचा विचार दुचाकीला परका नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यातही वाहनं आहेत. वस्तू विकत घेतली म्हणजे ती सांभाळण्याचा हक्क मालकाकडे आला, याच दिशेनं कायदा चालला आहे.

आता सर्व्हिस सेंटर आणि गॅरेजांत खरोखर काय होतं ते बघू. गर्दीच्या दिवशी एका मेकॅनिकपुढे गाड्यांची रांग असते. गाडी धुतली जाते, ऑइल बदललं जातं, चेनला वंगण लागतं, ब्रेक आवळले जातात, पॉलिश मारून गाडी चकचकीत होते. कित्येक ठिकाणी इंजिनावर डिझेल फवारून धुण्याची पद्धत अजून आहे. डिझेल रबराच्या नळ्या आणि सील फुगवतं आणि त्याच्या तेलकट थरावर धूळ आणखी चिकटते. एअर फिल्टरचा प्रकार तर मला सर्वांत जास्त खटकतो. फिल्टर तीन जातींचे असतात. फोमचा असेल तर धुऊन, पिळून, वाळवून, हलकं ऑइल लावून परत बसवायचा. कोरड्या कागदाचा असेल तर हलक्या हातानं झटकायचा, आतून बाहेर हवा मारायची. तिसरा चिकट कागदाचा. धूळ पकडण्यासाठी कंपनीनंच त्याला तेलकट द्रव लावलेला असतो. हा साफ करायचाच नसतो, मुदत भरली की बदलायचा. या तिसऱ्या जातीच्या फिल्टरवर कॉम्प्रेसरची हवा सोडून तो परत बसवलेला मी वारंवार पाहिला आहे. तो दिसतो स्वच्छ, पण धूळ आत सोडतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या कामाची इतक्या वर्षांची लाल धूळ खाल्लेल्या गाडीला अशा फिल्टरची किंमत पिस्टन आणि ब्लॉकनं चुकवावी लागते. आपल्या गाडीला कोणता फिल्टर आहे हे मालकाला माहीत असेल, तर तो समोरच्याला थांबवू शकतो. घरच्या निगेचा हा एक मोठा फायदा आहे: ज्यानं स्वतः झाकण उघडून पाहिलंय, त्याला गॅरेजमध्ये काय सांगायचं आणि काय विचारायचं ते कळतं.

“साध्या माणसाला हे जमणार नाही” या म्हणण्याचा मला राग येतो, आणि तो रायगडच्या किनाऱ्यावर येणं साहजिक आहे. १९५० च्या दशकापासून इथल्या होड्यांवर इंजिनं बसली. आज बंदरात कुणालाही विचारा, होडीची ओळखच एक सिलिंडर, दोन सिलिंडर, सहा सिलिंडर अशी सांगतील. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा होड्या किनाऱ्यावर घेऊन शाकारल्या जातात आणि कोळीवाड्यातलीच माणसं त्यांची इंजिनं तपासतात, उघडतात, ऑइल आणि फिल्टर बदलतात, हंगामासाठी तयार करतात. खोल समुद्रात इंजिन बंद पडलं तर तिथं गॅरेज नसतं, म्हणून तांडेल आणि खलाशी हे शिकले, बापाकडून मुलाकडे ते ज्ञान आलं. ज्या घरात सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन हाताळलं जातं, त्याच घरातल्या मुलाला दारातल्या शंभर सीसीच्या मोटरसायकलचं ऑइल बदलू नकोस म्हणून सांगायचं?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडच्या वाड्यांतल्या पोफळी आणि माड रस्त्यांवर आडवे झाले, वीज कित्येक आठवडे नव्हती. त्या दिवसांत औषध आणायला, पाणी आणायला, माणसांची खबर घ्यायला आडव्या झाडांमधून वाट काढू शकणारं वाहन मोटरसायकलच होतं. अशा वेळी गाडी एका किकमध्ये चालू होते की नाही, हे आधीच्या निगेवर ठरतं.

तरीही अननुभवी हातानं नुकसान होतं, हा आक्षेप खरा आहे. उपाय एवढाच की काम नीट शिकून घ्यावं. ऑइल बदलताना गाडी पाच मिनिटं चालवून इंजिन कोमट करा, गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करा, खाली तसराळं ठेवा. ड्रेन नट सोडवायला रिंग पाना वापरा. पकडीनं किंवा ढिल्या पान्यानं नटाचे कोपरे जातात. सगळं ऑइल निथळू द्या. नटाचा वॉशर नवा घाला, तो अगदी स्वस्त असतो. नट परत लावताना आधी नुसत्या बोटांनी फिरवा. बोटांनी सहज फिरला म्हणजे आटे जुळले. फिरत नसेल तर जोर करू नका, काढून पुन्हा लावा. नंतर पान्यानं बेताचं आवळा. ज्यांचे आटे जातात त्यांचे बहुधा जास्त आवळल्यामुळेच जातात. प्लगचंही तसंच: इंजिन पूर्ण थंड असताना, भोवतालची वाळू ब्रशनं झाडून मगच काढायचा, आणि परत लावताना पहिले फेरे हातानं. नवा प्लग टेकल्यावर साधारण अर्धा फेरा पुरतो.

ऑइल घेताना डब्यावर दोन गोष्टी वाचा. पुस्तिकेत सांगितलेला ग्रेड, उदाहरणार्थ १०डब्ल्यू-३०, आणि जासोचा शिक्का. गिअरच्या मोटरसायकलला जासो एमए लागतं, कारण तिचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो. स्कूटरसाठीचं एमबी किंवा मोटारीचं जास्त घसरण देणारं ऑइल ओतलं की क्लच सरकायला लागतो, आणि मग दोष क्लचच्या प्लेटांना दिला जातो. ऑइल खुणेच्या वरही भरू नका. जादा ऑइल फेसाळतं आणि ब्रीदरमधून फिल्टरच्या डब्यात जातं. ऑइल काळं झालं म्हणजे बिघडलं, हाही गैरसमज सोडा. काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. काळ्या रंगापेक्षा दुधाळ रंगाला घाबरा.

टॅपेटच्या बाबतीत मी सावध आहे. फिलर गेज घेऊन व्हॉल्व्हची फट बसवणं जाणत्या माणसाशेजारी बसून शिकावं, एकट्यानं प्रयोग करू नये. पण टॅपेट वाजत नाही म्हणजे सगळं ठीक, हा समज मात्र प्रत्येक मालकानं टाकून द्यावा. वाजणारा टॅपेट निदान कळतो. फट बुजलेला व्हॉल्व्ह आवाज न करता जळत राहतो. कळतं तेव्हा पिकअप गेलेला असतो आणि हेड उघडावं लागतं. म्हणून मुदत आली की तपासून मागा, आवाजाची वाट बघू नका.

पुराचा धडाही इथंच सांगायला हवा. जुलै २०२१ मध्ये महाडमध्ये सावित्रीचं पाणी शिरलं, तेव्हा दारातल्या दुचाकी बुडाल्या. पाणी उतरल्यावर माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे सेल्फ मारून बघणं. नेमकं तेच करायचं नसतं. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी सोडवा, प्लग काढा, किक हळूच दाबून पाणी बाहेर काढा, फिल्टर बघा, ऑइल सगळं काढून टाका, आणि मग गाडी मेकॅनिककडे ढकलत न्या. हे कळायला प्लग कुठे असतो आणि तो निघतो कसा, हे आधीपासून माहीत असायला हवं. पूर आलेल्या दिवशी ते शिकता येत नाही.

एक आक्षेप मात्र मी पूर्णपणे मान्य करतो. घरी बदललेलं ऑइल गटारात किंवा माडाच्या मुळाशी ओतलं जातं. हे थांबलंच पाहिजे. जळकं ऑइल कायद्यानं घातक कचरा आहे, आणि आपल्या गावातलं गटार खाडीत जातं, जिथं कोलंबी वाढते आणि शिंपल्या मिळतात. ऑइल रिकाम्या कॅनमध्ये साठवा आणि जळकं ऑइल विकत घेणाऱ्या गॅरेजला द्या. जो एवढं करणार नाही, त्यानं घरी ऑइल बदलूच नये.

यानं गावच्या मेकॅनिकचं काम कमी होईल, असं म्हणणाऱ्यांनी त्याच मेकॅनिकला विचारून पाहावं. कोरड्या पडलेल्या इंजिनाचं काम करून त्याला चार पैसे मिळतात, पण गिऱ्हाईक गाडी विकून टाकतं. वेळेवर ऑइल बदललेली गाडी वर्षानुवर्षं त्याच्याकडे येत राहते, टॅपेट, क्लच, चेन-स्प्रॉकेट अशा कसबाच्या कामांसाठी.

शाळेत जाणाऱ्या शिक्षिका असोत, पहाटे बंदरावरून म्हावरं घेऊन रोह्याला जाणारी मावशी असो की कॉलेजचा मुलगा, ज्याच्या ताब्यात गाडी आहे त्यानं पाच मिनिटांचं हे काम शिकून घ्यावं. पुढच्या रविवारी गाडी मधल्या स्टँडवर उभी करा, इंजिन तीन मिनिटं चालू ठेवा, बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा, पुस्तिकेत दिलंय तसं ऑइल बघा. कमी असेल तर खुणेपर्यंत भरा, दुधाळ असेल तर बदला, आणि तारीख व किलोमीटर एका चिठ्ठीवर लिहून सीटखाली चिकटवा. पावसाळ्यात हे दर पंधरा दिवसांनी करा.